अण्णांच्या डोळ्यामागचं इंजिन

शिवराजअण्णांच्या गॅरेजात दाराशी एक जुना तेलाचा डबा आहे. काम संपलं की उरलेला नट, एखादा वायसर, वाकडी पिन असलं काहीबाही त्यात पडतं. मुद्दाम कुणी टाकत नाही आणि उचलून कुणी फेकतही नाही. डबा आपला भरत जातो. मग एखाद्या दिवशी लातूरकडचा कुणी ड्रायव्हर अडून बसतो, अण्णा डब्यात कोपरापर्यंत हात घालतात आणि नेमका हवा तोच नट वर येतो.

गॅरेजातल्या किस्स्यांचंही असंच आहे. आम्ही काही ते गोळा करायला बसत नाही. गाडी खोलायची, चहा प्यायचा, कुणीतरी काहीतरी बोलायचं, आणि ते कुठंतरी तळाशी जाऊन पडायचं. पुढं कधी हात घातला की तेलकट का होईना, पण निघतं.

मी वैजनाथ. हुमनाबादला हायवेवर माझं स्पेअर पार्टचं दुकान, अण्णांच्या शेडला लागूनच. मी बोलायला लागलो की माझी बायको पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते, "ह्यांचं निम्मं करून ऐका." मेहबूबभाई पुढं जोडतात, "और निम्मे का भी निम्मा." तुम्हाला जमेल तसा भागाकार करा. पण अण्णांच्या डोळ्याची ही जी गोष्ट आहे, तिच्यात भर घालायला मला जागाच मिळाली नाही. सगळी जागा अण्णांनी आणि वहिनींनी आधीच व्यापली होती.

*

आधी अण्णांचा कान समजून घ्या.

अण्णांकडे लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर आहे. त्यानं त्यांनी आजवर स्क्रू फिरवलेला मी पाहिला नाही. चालू इंजिनवर त्याचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसं. मग थोड्या वेळानं निकाल, "दोन नंबरचा व्हॉल्व ढिला हाय." खोलून बघावं तर दोन नंबरचाच. मी तोवर दुकानातून पार्ट काढून ठेवलेला असायचा.

वहिनी, म्हणजे अण्णांची महादेवी, खटकचिंचोळीच्या. लग्नाच्या दिवशी नवरीची जीप मांडवासमोर येऊन थांबली. अण्णा बाशिंग बांधून उभे. वहिनी शालू सावरत खाली उतरल्या. सगळं गाव नवरीकडं बघतंय, आणि अण्णा सासऱ्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "मामा, फॅनचा बेल्ट बदलून घ्या. परतताना तुटणार."

"तुटला का मग?" मी वहिनींना विचारलं होतं.

"तुटला की. आमच्या गावच्या वेशीजवळच. पण मला काय त्याचं? त्या दिवशी माझ्याकडं बघितलंच न्हाई त्यानी. जीपकडं बघितलं."

आजही वहिनी रागावल्या की म्हणतात, "सगळ्या जगाच्या गाड्यांतला बिघाड कळतो, माझ्यात काय बिघाड हाय ते कळायलंय का?"

अण्णा मान वर न करता म्हणतात, "आवाज जरा जास्त हाय. बाकी इंजिन चांगलं."

*

आता मुद्द्यावर येतो.

एका लॉरीच्या चाकाचा नट गंजून बसला होता. पान्याला लांब पाइप जोडून मेहबूबभाई ओढत होते. मेहबूबभाई म्हणजे आमच्या शेडमधले डेंटिंग-पेंटिंगवाले, बिदरच्या मैलूरहून रोज बसनं येतात, अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. अण्णा शेजारी वाकून "अजून जोर, अजून जोर" म्हणत होते. मेहबूबभाईंनी अजून जोर लावला. पाना सटकला आणि पाइप अण्णांच्या उजव्या भुवईच्या वर बसला.

अण्णा खाली बसले. मेहबूबभाई पांढरे पडले. मी पाणी घेऊन धावलो. कपाळावर रक्त आलं आणि बघता बघता लिंबाएवढं टेंगूळ उठलं.

अण्णांनी डोळे उघडून पहिलं विचारलं, "नट सुटला का?"

"अण्णा, खून निकला, नट कायकू पूछते?"

"सुटला का ते सांग."

सुटला होता. मेहबूबभाईंनी तो हातात ठेवला. अण्णांनी तो निरखून बघितला आणि म्हणाले, "मग झालं."

घरी गेल्यावर वहिनींनी हळद लावली, सोबत दोन शिव्याही लावल्या, आणि आम्ही सगळे ते विसरलो. टेंगूळही उतरलं. तो नट मात्र दाराशी त्या डब्यात गेला.

*

काही आठवड्यांनी अण्णांचा उजवा डोळा लाल झाला. औषधाच्या दुकानातून थेंब आणले. लाली वाढली. डोळा सुजला, जरा पुढंही आल्यासारखा वाटायला लागला.

"डोळे आलेत," मी जाहीर केलं. शहाणपणा दाखवण्यात मी नेहमीच पहिला असतो.

डोळे आलेत म्हणजे साथ. मेहबूबभाई बसस्टँडवर गेले आणि सगळ्यांसाठी काळे गॉगल घेऊन आले. दुसऱ्या दिवशी एक परगावचा ड्रायव्हर गाडी घेऊन आत वळला. त्यानं बघितलं तर मिस्त्री गॉगल लावून इंजिनात वाकलेला, पेंटर गॉगल लावून रंग मारतोय, पार्टवाला गॉगल लावून काउंटरवर, आणि चहावालाही गॉगल लावून कप मोजतोय. तो उतरलाच नाही. गाडी मागं घ्यायला लागला.

मेहबूबभाई पळत गेले. "अरे भाई, रुको. सबको दिखता है. अंधे नहीं हैं हम."

त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून मेहबूबभाईंच्या कामाकडं बोट केलं. "मग एक दार निळं आन् एक हिरवं कामून लावलंय?"

गॉगल काढून बघितलं तर खरंच. ती लॉरी बरेच दिवस तशीच फिरत होती, आणि तिचा मालक विचारणाऱ्याला सांगायचा की ही नवीन फॅशन आहे.

गंमत म्हणजे साथ काही आलीच नाही. एकट्या अण्णांनाच आली आणि त्यांच्याकडंच राहिली.

*

मग घरात आवाज सुरू झाला.

फुस्स, फुस्स, फुस्स. थांबायचा नाही. अण्णांना वाटलं फ्रिज. रविवारी त्यांनी फ्रिज खोलला. फ्रिजमध्ये काही सापडलं नाही, पण आवाज होताच. मग सीलिंग फॅन उतरवला. मग मिक्सर. मग गच्चीवरची पाण्याची मोटर. शेजाऱ्यांचा कूलर चांगला चालला होता, तोही "बघू जरा" म्हणून आणला आणि पाटावर मांडला.

वहिनी माझ्या दुकानात आल्या. कमरेला पदर खोचलेला.

"भाऊजी, तुमच्या दोस्ताला आवरा. घरात न खोललेलं मशीन आता मी एकटीच राहिले."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. जरा थांबून म्हणाल्या, "तसं न्हाई हो. सकाळी लिंगपूजेला बसतात, तवा बी तोच आवाज म्हणतात. तळहातावरच्या लिंगाकडं नजर लावावी तर डोळा भरून येतो, आन् गप बसावं तर फुस्स फुस्स. काल पूजा अर्धीच सोडून उठले. असं कधी झालं न्हाई."

अण्णा इष्टलिंगाची पूजा चुकवत नाहीत. तापात नाही, लग्नघाईत नाही. त्यांच्या दिवसातली ती एकच वेळ अशी, जेव्हा ते कुठलंच इंजिन ऐकत नाहीत.

*

आणि मग गुंडप्पाची गाडी आली.

गुंडप्पा खटकचिंचोळीचा, स्वतःची लॉरी स्वतःच चालवतो. वहिनींच्या गावचा म्हणून त्यांना अक्का आणि अण्णांना दाजी म्हणतो. आला होता फक्त ऑइल बदलायला. वर तुरीचा माल भरलेला, हैदराबादला पोचवायचा.

अण्णांनी सवयीनं स्क्रूड्रायव्हर टेकवला. "गुंडप्पा, हेड गॅस्केट लीक हाय. फुस्स फुस्स यायलंय."

"दाजी, गाडी तर मस्त पळायलीय."

"तुला काय कळतं? उतर खाली."

हेड खोललं. गॅस्केट कोरं करकरीत. तरी अण्णांनी बदललं. मी विकलं, ते सांगायला नको. पुन्हा जोडलं, चालू केलं, स्क्रूड्रायव्हर लावला. फुस्स फुस्स. पुन्हा खोललं. वर तूर उन्हात तापत होती आणि खाली गुंडप्पा.

दुसऱ्यांदा जोडल्यावर अण्णा परत डोळे मिटून उभे राहिले. मेहबूबभाई हातात ब्रश घेऊन बराच वेळ त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी गुंडप्पाला खूण केली. गुंडप्पानं हळूच चावी फिरवली. इंजिन थांबलं.

अण्णांचा चेहरा एकदम उजळला. डोळे मिटलेलेच. "हां. आता बाकीचा गोंगाट गेला. आता साफ ऐकू यायलंय. असंच ठेव गुंडप्पा, हलवू नको."

गुंडप्पा कॅबिनमधून उतरला, अण्णांच्या समोर येऊन उभा राहिला आणि चावी त्यांच्या नाकासमोर धरली.

"दाजी, डोळे उघडा."

अण्णांनी उघडले. एक नेहमीचा, एक लालभडक. त्यांनी चावीकडं बघितलं. मग स्क्रूड्रायव्हर इंजिनवरून उचलला. मग कानापासूनही दूर केला. आणि तसेच उभे राहिले, काहीतरी ऐकत.

मेहबूबभाईंनी त्यांना धरून स्टुलावर बसवलं. "अण्णा, गाडी में कुच नै. आवाज तुमारे में हाय."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि माझी ख्याती तुम्हाला एव्हाना कळलीच आहे.

गुंडप्पानं चावी खिशात टाकली. "दाजी, माझी चांगली गाडी दोनदा फाडली तुम्ही. आता आयुष्यात माझ्या गाडीला हात लावायचा न्हाई." दोन पावलं गेला आणि वळला. "उद्या सकाळी तयार रहा. बिदरला डोळ्याच्या डॉक्टरकडं मी नेतो. अक्कालाबी सांगा."

*

मीही सोबत गेलो. बिदरच्या डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. अण्णा खुर्चीत बसले तेव्हा त्यांच्या मनात एकच होतं, की डोळ्याच्या बाईला आवाजाचं सांगावं की नाही. वेडा म्हणतील.

बाईंनी डोळा बघितला, बॅटरी मारली आणि विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता का? आणि आत आवाज येतो का, नाडीबरोबर?"

अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "बाई, तुमाला कोण सांगितलं?"

बाईंनी त्यांना डोळा मिटायला लावला आणि पापणीवर हलकेच स्टेथोस्कोप ठेवला. थोडा वेळ ऐकलं. मग नळ्या वहिनींच्या कानात दिल्या.

वहिनी ऐकत राहिल्या. "अगं बाई. खरंच हाय की. मी म्हटलं नाटक करायलेत."

मग गुंडप्पानं ऐकलं. मग मी. खोटं सांगत नाही, अंगावर काटा आला. चाकातली हवा कुणी बोटानं थांबवून थांबवून सोडावी, तसा आवाज. माणसाच्या डोळ्यातून. दार उघडं होतं, बाहेरच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्याही उठून रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना बाईंनी परत बसवलं.

बाईंनी समजावलं. डोळ्याच्या मागं, कवटीच्या आत, एक मोठी रक्तवाहिनी जाते, हृदयाकडून जोरात रक्त आणणारी. मारानं तिला आतून चीर गेली. तिच्या भोवती परतीच्या रक्ताची जागा असते. जोराचं रक्त त्या चिरेतून थेट परतीच्या वाटेत घुसलं. तिथून ते उलटं डोळ्याकडं तुंबलं. म्हणून डोळा लाल, म्हणून पुढं आलेला, म्हणून आवाज.

अण्णा विचार करून म्हणाले, "म्हणजे प्रेशर लाइनचं डिझेल रिटर्न लाइनीत घुसलंय."

"तसंच समजा. आणि ते थांबवलं नाही तर या डोळ्याची नजर जाईल. हैदराबादला जा, उशीर करू नका."

मग त्यांनी अण्णांच्या मानेवर एका ठिकाणी दोन बोटं ठेवून क्षणभर दाबलं. आवाज थांबला. अण्णांनी बाईंचा हातच धरला. "बाई, असंच दाबून ठेवा."

बाईंनी हात सोडवून घेतला आणि सगळ्यांकडं बोट रोखलं. "हे फक्त मी तपासायला केलं. घरी कुणीही यांचा गळा दाबायचा नाही. धोका आहे. वहिनी, कळलं ना?"

"मला कामून सांगायलाव, डॉक्टर?" वहिनी म्हणाल्या. "एवढा संसार झाला, तवा दाबला न्हाई. आता काय दाबणार?"

*

परत आल्यावर अण्णा हैदराबादचं नावच घेईनात. आज टायरवाला येणार, उद्या जत्रा, परवा अमावास्या.

शेवटी मेहबूबभाईंनी त्यांना शेडच्या मागं नेऊन खोदून विचारलं. अण्णा म्हणाले, "डोळा एक गेला तर दुसरा हाय. एका डोळ्यानं नट बसवता येतो. पण ते आतला आवाज बंद करणार म्हणतात. तो बंद करताना बाकीचे आवाज बी गेले तर? माझं दुसरं हाय काय, मेहबूब?"

मेहबूबभाईंनी ते वहिनींना जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गुंडप्पा पुन्हा तूर भरून हैदराबादला निघाला होता. गाडी गॅरेजसमोर उभी. वहिनी घरातून दोन पिशव्या घेऊन आल्या, कुणाशी न बोलता कॅबिनमध्ये चढल्या आणि खिडकीशी बसल्या.

अण्णा हात पुसत बाहेर आले. "कुठं चाललीस?"

"हैदराबादला. तुमचा डोळा दाखवायला."

"मी इथं हाय. तू कामून जायलीस?"

"तुम्ही येईना झालाव, मग मीच जाते. त्यांना सांगते, असा असा लाल हाय, असा पुढं आलाय, असा आवाज यायलाय. बघू काय करतात ते."

अण्णा हायवेकडं बघत उभे राहिले. मग हात धुऊन चढले. मीही चढलो. मेहबूबभाईंना गॅरेज सांभाळायला ठेवलं आणि जाताना वहिनींनी त्यांना बजावलं, "भाईजान, रंग द्यायचा तर गॉगल काढून द्या."

वाटेत जहीराबाद मागं पडलं तसे अण्णा कान टवकारून बसले. "गुंडप्पा, तुझ्या गाडीत काहीतरी आवाज यायलाय."

गुंडप्पानं रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, "दाजी, आजपासून कुठलाबी आवाज आला तरी तो तुमचाच. माझी गाडी निर्दोष हाय."

*

हैदराबादच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि पडद्यावर दाखवले. रक्तवाहिन्यांचं काळं झाड, आणि डोळ्यामागं नको तिथं एक गच्च डाग. उपाय असा, की मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी आत सारायची, ती वर वर न्यायची, छातीतून, मानेतून, थेट त्या चिरेपर्यंत. तिथं प्लॅटिनमची केसाएवढी तार सोडायची. ती आत गेली की आपोआप गुंडाळते. अशा गुंडाळ्या भरून चीर बुजवायची. डोकं उघडायचं नाही.

अण्णांना पटेना. "डोळा वर, मांडी खाली. एवढ्या लांबून कामून?"

डॉक्टर सांगायच्या आत गुंडप्पा बोलला. "दाजी, लांबचा हाय, पण रस्ता चांगला असल. आपण न्हाई का, गावातून गर्दी असली की बायपासनं जातो?"

डॉक्टरांनी त्याच्याकडं आदरानं बघितलं.

वहिनी अजून प्लॅटिनमवरच अडल्या होत्या. "ते सोन्यापरीस भारी असतंय न्हाई का?" मग अण्णांकडं वळून म्हणाल्या, "मी एक पुतळ्यांची माळ मागितली, तर पुढल्या दसऱ्याला म्हणालाव. कितीक दसरे गेले. आन् स्वतःच्या डोक्यात प्लॅटिनम."

तेवढ्यात मेहबूबभाईंचा व्हिडिओ कॉल आला. अण्णांना धीर द्यायला केलेला. पडद्यावर त्यांचं तोंड दिसलं आणि तेच रडायला लागले. "मेरे हाथ से हुआ अण्णा, वो पाइप..." अण्णा त्यांना समजावत बसले, "अरे, नट सुटला ना? मग कामून रडायलास?"

फोन ठेवल्यावर अण्णांनी डॉक्टरांना एकच विनंती केली. "साहेब, काय करायचं ते करा. फक्त कानाला हात लावू नका."

"कानाचा याच्याशी संबंध नाही," डॉक्टर म्हणाले.

"संबंध डोळ्याचा बी पान्याशी नव्हता," अण्णा म्हणाले आणि आत गेले.

*

आतलं मी बघितलं नाही. अण्णा सांगतात ते सांगतो, आणि अण्णा माझ्यासारखे नाहीत.

त्यांना पूर्ण झोपवलं नव्हतं, मांडीपाशी तेवढं बधिर केलं होतं. डोकं हलवू नका म्हणाले, अण्णा हलले नाहीत. डॉक्टर पडद्याकडं बघून काम करत होते आणि अण्णा आपला आवाज ऐकत पडले होते. फुस्स, फुस्स. मग तो बारीक व्हायला लागला. फुस. फु. एखादा ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरनं हळूहळू पाय काढतो तसा. आणि मग गेलाच.

आता असं बघा, तो आवाज नाडीबरोबर चालायचा. कितीतरी दिवस तो त्यांच्या सोबत होता. तो थांबला तेव्हा अण्णांना वाटलं, पाठोपाठ नाडीही थांबली.

"साहेब," ते पडल्या पडल्या म्हणाले, "गाडी बंद पडली."

आत क्षणभर सगळे थांबले. डॉक्टरांनी बाजूच्या मॉनिटरकडं बघितलं आणि म्हणाले, "अण्णा, गाडी चालू आहे. गळती बंद पडली."

बाहेर आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. वहिनींच्या मुठीत विभूतीची पुडी, इतकी घट्ट धरलेली की कागद घामानं भिजला होता. गुंडप्पानं तूर उतरवून आणलेली पावती उलटी धरली होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "झालं. आवाज गेला. डोळा आता हळूहळू बसेल. नजर वाचली."

आम्हाला वाटलं वहिनी रडणार. त्यांनी पुडी उलगडली, थोडी विभूती स्वतःच्या कपाळाला लावली, थोडी गुंडप्पाच्या, थोडी माझ्या.

मग म्हणाल्या, "घरी फ्रिज अजून उघडाच पडलाय."

*

डोळ्याची लाली ओसरायला वेळ लागला. काही दिवस अण्णांना एकाचे दोन दिसायचे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हेही जाईल.

मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा अण्णांनी मला नीट न्याहाळलं आणि तोंड फिरवलं. "यप्पा. दोन वैजू. एकाचंच ऐकवेना."

वहिनींनी ताटात एकच भाकरी वाढली. अण्णा म्हणाले, "आणखी एक दे."

"किती दिसायल्यात?"

"दोन."

"मग खा की."

गॅरेजात यायला लागले तेव्हा एका डोळ्यावर पट्टी बांधून काम करायचे. हळूहळू पट्टी गेली, दोनाचा एक झाला, डोळा जागेवर बसला. सकाळची पूजाही पुरी व्हायला लागली, असं वहिनींनी सांगितलं.

पण एक गोष्ट राहिली. तो लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर खिळ्यालाच होता. अण्णा त्याला हात लावायचे नाहीत. गाडी आली की नुसतं म्हणायचे, "मेहबूब, बघ रे काय म्हणायलीय ती." मेहबूबभाई डेंटिंगवाले, त्यांना इंजिनातलं काय कळणार? ते पत्र्याला थाप मारून सांगायचे, "पत्रा अच्छा है." गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजात जायचं. मी काउंटरवरून बघायचो आणि पार्ट पुसत बसायचो. स्क्रूड्रायव्हरचं नाव कुणीच काढायचं नाही. अण्णांना काय तपासून बघायचं नाही, ते आम्हाला माहीत होतं.

*

आता शेवटचा किस्सा.

दुपारची वेळ. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. ज्वारीची भाकरी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी, वर लसणाची चटणी. अण्णा, मेहबूबभाई आणि मी शेडमध्ये जेवायला बसलो होतो. अण्णांची पाठ हायवेकडं. हायवेवर नेहमीसारखी लॉऱ्यांची रांग, हॉर्न, ढाब्यावरची गाणी.

अण्णांनी घास तोंडात घातला आणि चावायचे थांबले.

"गुंडप्पा आला," ते म्हणाले.

मी मान लांब करून बघितलं. लॉऱ्याच लॉऱ्या. गुंडप्पा कुठं दिसेना.

"क्लच घसरायलाय त्याचा," अण्णा म्हणाले आणि भाजीत भाकरी बुडवली.

मेहबूबभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी वहिनींकडं. मग वळणावरून गुंडप्पाची लॉरी पुढं आली, हायवे सोडला आणि गॅरेजसमोर येऊन उभी राहिली. गुंडप्पा इंजिन बंद करून खाली उतरला. आयुष्यात हात लावू देणार नाही म्हणालेला माणूस मान खाली घालून आत आला.

"दाजी, जरा बघा की. क्लच..."

"ठाऊक हाय. जेवून बघतो."

अण्णांनी शांतपणे जेवण संपवलं. हात धुतले, फडक्याला पुसले. मग भिंतीशी गेले आणि खिळ्यावरचा स्क्रूड्रायव्हर काढला. त्याच्यावर धूळ बसली होती, ती धोतराच्या सोग्यानं पुसली. लॉरीपाशी गेले. गुंडप्पा घाईनं कॅबिनमध्ये चढला, चावी लावली. अण्णांनी हातानंच त्याला थांबवलं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं. मूठ कानाला लावली. दोन्ही डोळे मिटले.

वहिनी रिकामा डबा हातात घेऊन दारात उभ्या होत्या. मेहबूबभाईंनी बोटं तोंडात घातली होती.

गुंडप्पानं खिडकीतून वाकून हळूच म्हटलं, "दाजी, गाडी बंद हाय."

"ठाऊक हाय."

"मग काय ऐकायलाव?"

"काहीच न्हाई."

बराच वेळ गेला. गुंडप्पाला वाटलं झालं, त्याचा हात पुन्हा चावीकडं गेला.

अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "थांब जरा. एवढ्यात चालू करू नको."